परदेशातील उजवा रस्ता आणि आपली डावी सवय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी देवणी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. विद्वत्तेचा विषय मांडण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही. म्हणून जो विषय मला अनुभवाने, आणि खरे सांगावयाचे तर प्रमादाने शिकविला, तोच आपणापुढे ठेवीत आहे.

आज ज्या मुलामुलींचा आपण गौरव केला, त्यांतील चौघे येत्या वर्षात परदेशी जाणार आहेत. माझ्या तरुणपणी देवणीहून लातूरला शिकावयास जाणे हाच मोठा प्रवास वाटे. आज आपल्या घरांतून कोणी दुबईस आहे, कोणी मस्कतला, कोणी जर्मनीत, तर कोणी अमेरिकेत. मुलगा निघाला की आपण त्याच्या पेटीत लोणचे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी भरतो; आई देवाचा अंगारा बांधून देते. हे सारे योग्यच आहे. परंतु तेथे गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्याला मोटार हाकावी लागणार, आणि तीही आपल्या रीतीच्या उलट, रस्त्याच्या उजव्या बाजूने, याची आठवण कोणी देत नाही. कोणी विचारलेच, तर तो म्हणतो, “त्यात काय, चार वर्षे गाडी चालवतोच आहे मी.” बंधूंनो, धोका आहे तो नेमका या चार वर्षांचाच.

हे स्पष्ट करण्यासाठी मी आपल्या गावचेच उदाहरण देतो. आपल्या गावाचे नाव धारण करणारी देवणी ही गोवंशाची जात महाराष्ट्राबाहेर कर्नाटक-तेलंगणातही प्रसिद्ध आहे. माझ्या वडिलांपाशी तिच्यातील वानेरा जातीची एक देखणी जोडी होती. त्यांतील एक बैल नेहमी जुवाच्या डाव्या अंगाला चाले. एकदा काही कारणाने वडिलांनी त्याला उजव्या अंगाला जुंपले. तो बैल काही अडाणी नव्हता, की दुबळा नव्हता. पण तो सारखा जोडीदारावर रेलू लागला, वळणावर थबकू लागला, आणि गाडी बांधावर चढली. तेव्हा वडील म्हणाले, “जनावर शहाणं आहे म्हणूनच चुकतंय. त्याला आधीचं पक्कं ठाऊक आहे.” पुढे आठ दिवस त्यांनी त्याला रिकाम्या गाडीला जुंपून पडीक रानात फिरविले, स्वतः कासरा धरून शेजारून चालत. मगच ओझ्याची गाडी रस्त्यावर आणली. माझे आजचे सारे भाषण म्हणजे या एका प्रसंगाचा विस्तार होय.

प्रथम कोणत्या देशी काय रीत आहे, ते पाहू. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, दक्षिण आफ्रिका, केनिया आणि आपल्या मराठी बांधवांची जुनी वस्ती असलेले मॉरिशस, येथे आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहने चालतात. अमेरिका, कॅनडा, युरोपचा मुख्य भूभाग, चीन आणि आखातातील संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया, कुवेत व बहारीन ही सर्व राष्ट्रे उजवीकडून चालतात. जगातील सुमारे दोनतृतीयांश लोक उजव्या बाजूच्या देशांत राहतात. म्हणजे आपल्या मुलाच्या वाट्याला उलटी रीत येण्याचाच संभव अधिक.

ही रीत ईश्वराने घालून दिलेली नाही. ती मनुष्यांनी ठरविली आणि प्रसंगी बदललीही. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली. पण त्याच्याच ताब्यातील गोव्यात मात्र डावीच राहिली, कारण सभोवारचा सारा मुलूख डावीकडून चालत होता. स्वीडनचे उदाहरण फार बोधप्रद आहे. १९५५ साली तेथे जनतेचे मत घेतले, तेव्हा शंभरांतील सुमारे ८३ लोकांनी बदल नको म्हटले. तरीही सरकारने पुढे निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी, रविवारी पहाटे पाच वाजता, सारा देश डावीकडून उजवीकडे गेला. पहाटे पाचला दहा मिनिटे कमी असताना रस्त्यावरील वाहने थांबली, सावकाश पलीकडच्या बाजूस गेली आणि पाचच्या ठोक्याला पुढे निघाली. त्यापूर्वी कित्येक महिने लोकांस शिकविण्याचे काम चालले होते. दुधाच्या खोक्यांवरसुद्धा या दिवसाचे चिन्ह छापलेले असे. आणि आश्चर्य असे की, बदलानंतर अपघात वाढले नाहीत, उलट कमी झाले. कारण प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून वाहन हाकीत होता. पुढे सुमारे दोन वर्षांत नवे ते सवयीचे झाले आणि अपघातांची संख्या पुन्हा पूर्वपदावर आली. यातून शिकावयाचे ते हे की, जोवर मन जागे आहे तोवर उलटी बाजूही सुरक्षित असते. आणि मन निजले की सरळ बाजूही घातक ठरते.

आता तयारीकडे वळतो. तिचे तीन भाग आहेत: कागदपत्रांची, घरी करावयाची आणि तेथे गेल्यावर करावयाची.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. ज्याच्यापाशी आपल्याकडील पक्के लायसन्स आहे, त्या भारतीय नागरिकास परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मिळतो. १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये तो दिला जातो. त्याची पुस्तिका देशभर एकाच नमुन्याची असावी, असा नियम २०२२ साली झाला. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि तो मूळ लायसन्ससोबतच दाखवावयाचा असतो. परंतु हा परवाना म्हणजे पाहुण्याची चिठ्ठी आहे, कायमचे वास्तव्यपत्र नव्हे. अमिरातीत नोकरीसाठी राहणाऱ्या भारतीयास तेथील लायसन्स काढावेच लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. तेव्हा जावयाच्या ठिकाणचा नियम निघण्यापूर्वीच पाहून घ्यावा. शिवाय हा परवाना देताना उजव्या बाजूची कोणतीही परीक्षा घेतली जात नाही, हे विसरू नये. कागद मिळाला म्हणजे विद्या आली असे नाही. हे शिक्षकावाचून कोणास अधिक ठाऊक असणार!

घरी करावयाची तयारी मी माझ्या मुलाकडून करविली होती. शाळेच्या जुन्या फळ्यावर खडूने चौक काढला आणि काडेपेट्यांच्या मोटारी केल्या. प्रत्येक वळण त्याने हाताने घेऊन दाखवावयाचे आणि तोंडाने म्हणावयाचे. आपल्याकडे डावे वळण जवळचे आणि उजवे लांबचे, समोरून येणाऱ्यांस वाट देऊन घ्यावयाचे. तेथे उजवे जवळचे आणि डावे लांबचे. आपल्याकडे पुढच्या वाहनास उजवीकडून ओलांडतात, तेथे डावीकडून. आपण गोल चौकास प्रदक्षिणेप्रमाणे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घालतो. तेथे ती प्रदक्षिणा उलटी होते, आणि वर्तुळात आधीच असलेले वाहन आपल्या डाव्या हाताने येते, त्यास सामान्यतः प्रथम जाऊ द्यावयाचे असते.

दुसरी युक्ती मला केशकर्तनालयात सुचली. खुर्चीत बसून समोरच्या आरशात पाठीमागचा रस्ता पाहावा. आरशात डाव्याचे उजवे होते, म्हणून आपलाच देवणीचा रस्ता तेथे अमेरिकेसारखा दिसतो. सारी वाहने उजव्या बाजूने चाललेली आणि चालक डावीकडे बसलेला! माझा मुलगा निघण्यापूर्वी अशा आरशापुढे अर्धा-अर्धा तास बसे. लोक हसत. पण डोळ्यांना नव्या चित्राची ओळख फुकटात झाली.

मोटारीच्या आत काय बदलते आणि काय बदलत नाही, तेही पक्के करावे. चालकाची जागा डावीकडे जाते, म्हणून गिअर उजव्या हाताशी येतो. परंतु पायाखालील क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच राहतो. तो उलटा होईल अशी भीती बाळगू नये. आपल्याकडील बहुतेक मोटारींत वळणाचा दिवा लावण्याची दांडी उजवीकडे असते, तेथे ती डावीकडे. त्यामुळे पहिले काही दिवस वळताना दिव्याऐवजी काच पुसली जाते. हे हसण्यावारी नेता येते. हसण्यावारी नेता येत नाही ती गोष्ट अशी की, मोटारीचा मोठा भाग आता आपल्या उजवीकडे असतो, आणि त्याची जाणीव नसल्याने नवखा मनुष्य नकळत रस्त्याच्या उजव्या काठाकडे सरकत जातो. शक्य तर आरंभी आपोआप गिअर बदलणारी मोटार घ्यावी. एक व्यवधान कमी होते.

या सर्वांतून एकच सूत्र ध्यानात ठेवावयाचे असेल, तर ते हे: चालकाची बाजू रस्त्याच्या मध्याकडे. आपल्याकडेही चालक रस्त्याच्या मध्याकडे असतो आणि तेथेही. प्रत्येक वेळी निघताना स्वतःस विचारावे, “मी मध्याकडे आहे की काठाकडे?” काठाकडे असल्यास मोटार भलत्या बाजूस आहे. अमेरिकेत याला आणखी एक आधार आहे. समोरासमोर येणाऱ्या वाहनांच्या मध्ये तेथे पिवळी रेघ असते. ती सदैव आपल्या डाव्या हाताला असली पाहिजे.

तेथे पोहोचल्यावर काय करावे? विमानातून उतरल्या दिवशी मोटार हाकू नये, मग भाड्याचे कितीही पैसे पडोत. अमेरिकेत तर आपली रात्र म्हणजे तेथील दिवस. शरीर निजलेले असते. झोप पुरी झाल्यावर एखाद्या रविवारी सकाळी, रहदारी तुरळक असताना, तेथील माहितगार मनुष्य शेजारी बसवून एकाच वस्तीला केवळ उजवी वळणे घेत चार फेऱ्या माराव्यात. मग डावी वळणे, मग गोल चौक, मग मोठा रस्ता, आणि रात्रीचे हाकणे सर्वांत शेवटी. माझ्या वडिलांनी बैलाला रिकाम्या गाडीस जुंपले, ते हेच. शेजारी बसणाऱ्याने गप्पा मारू नयेत. प्रत्येक वळणावर “उजवीकडे” एवढा एक शब्द उच्चारावा. स्थानिक नियमही शिकून घ्यावेत. अमेरिकेत मुलांना नेणारी पिवळी शाळेची बस थांबून तांबडे दिवे उघडझाप करू लागली, म्हणजे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मागची आणि समोरून येणारीही वाहने उभी राहतात. २०१८ साली न्यू जर्सीत मी हे दृश्य पाहिले. एका लहान मुलीसाठी दोन्ही बाजूंची रहदारी स्तब्ध झालेली पाहून मला, एका जुन्या मास्तराला, भरून आले.

त्याच प्रवासात मी स्वतः मात्र वाचलो तो मुलामुळे. रस्ता ओलांडताना मी सवयीने उजवीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला आणि पाऊल टाकले. मोटार डावीकडून आली. मुलाने दंडाला धरून मागे ओढले. तेव्हा जे पालक मुलांकडे जातात, त्यांनी वाहन हाकावयाचे नसले तरी ही तयारी केली पाहिजे. १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल यांनाही मोटारीने असेच उडविले. इंग्लंडातील सवयीने ते भलत्याच बाजूस पाहत राहिले होते. पुढे जे आपल्या देशाचे पंतप्रधान झाले, त्यांचीही सवयीपुढे ही गत, मग आपली कथा काय!

येथवर ऐकून आपणांस वाटेल की, गुरुजींनी मुलाची तयारी उत्तम करून घेतली, मग प्रमाद तो कोठे घडला? तेच आता सांगतो. सांगताना जीभ अडखळते. परंतु ते न सांगता खाली बसलो तर हे भाषण अर्धे राहील.

माझा मुलगा २०१२ साली अमेरिकेस गेला. तेथे त्याने कधी चूक केली नाही. २०१६ च्या डिसेंबरात तो चार वर्षांनी घरी आला. दुसऱ्याच दिवशी पहाटे म्हणाला, “बाबा, चला, शेत पाहून येऊ.” थोरल्याची मोटार त्याने घेतली. जाताना रस्त्यावर वाहने होती. त्यांच्या मागोमाग तो बरोबर डावीकडून गेला. शेतात तूर पाहिली, विहीर पाहिली. परतताना आमच्या गाडीवाटेवरून तो डांबरी रस्त्यावर आला. धुके होते आणि रस्ता मोकळा होता. त्याने मोटार वळविली ती सरळ उजव्या बाजूला, आणि निश्चिंतपणे हाकू लागला. मी शेजारी होतो. तुरीचा भाव काय मिळेल, ते मी त्याला सांगत होतो. माझ्या डोळ्यांनी रस्ता पाहिला, पण मनाने पाहिला नाही. मनात एकच भाव होता की, मुलगा परदेशात मोटार हाकतो, त्याला मी काय सांगावे?

समोरून धुक्यात एक दिवा आला. उदगीरकडे दूध घेऊन जाणारा मोटारसायकलस्वार होता तो. त्याने आम्हांला चुकविण्यासाठी गाडी खाली घातली आणि चारीत पडला. दुधाचे कॅन रस्त्यावर गडगडत गेले. आम्ही धावलो. त्याचा हात मोडला होता. मी त्याला उठवू लागलो, तेव्हा माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच शिकवलं होतं की, डाव्या अंगानं चालावं म्हणून.” चौथीच्या वर्गात तो माझा विद्यार्थी होता.

बंधूंनो, त्याने ते रागाने म्हटले नाही. राग असता तर बरे वाटले असते. आम्ही त्याला दवाखान्यात नेले, सारा खर्च केला, आणि दोन महिने त्याचा दुधाचा रतीब माझ्या थोरल्या मुलाने घातला. तो बरा झाला. परंतु दिवा वितभर जवळ असता तर? २०१९ च्या ऑगस्टात इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायरमध्ये अगदी असेच घडले. तेथे नव्याने आलेली एक अमेरिकन महिला एका फाटकातून बाहेर पडली आणि आपल्या देशाच्या रीतीने उजव्या बाजूस गेली. समोरून मोटारसायकलवर येणारा १९ वर्षांचा तरुण प्राणास मुकला. ते वृत्त वाचले, त्या रात्री मला झोप आली नाही.

या दोन्ही प्रसंगांचा विचार केला म्हणजे चूक केव्हा घडते, ते ध्यानात येते. गर्दीत ती क्वचितच घडते, कारण पुढचे वाहन वाट दाखविते. चूक घडते ती मोकळ्या रस्त्यावर. फाटकातून, पेट्रोलपंपावरून, शेताच्या वाटेवरून बाहेर पडताना. सकाळचे पहिले वळण घेताना. एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होताना. आणि एकदम दचकल्यावर, कारण दचकलेले मन जुन्या सवयीकडे धाव घेते. या ठिकाणी क्षणभर थांबावे, बाजूचे नाव मोठ्याने घ्यावे आणि मगच पुढे जावे.

आणि दुसरी गोष्ट. जाताना आम्ही महिनाभर तयारी केली. परत येताना एक दिवसही केली नाही. आपले घर, आपला रस्ता, त्याला कसली तयारी, असे आम्हां दोघांसही वाटले. पण चार वर्षांत त्याच्या हातांना दुसरी बाजू घरची झाली होती. ज्या अर्थी परदेश हा सवयीच्या पलीकडचा देश, त्या अर्थी परतणाऱ्यास आपला स्वदेशही काही दिवस परदेशच असतो.

म्हणून आज सर्व कुटुंबांस माझी नम्र विनंती आहे. मुले सुटीत येतात, हैदराबादच्या विमानतळावर उतरतात आणि तेथूनच भाड्याची मोटार स्वतः हाकीत जहीराबाद-बीदरमार्गे रातोरात घरी येण्याचा बेत करतात. आपण तो होऊ देऊ नये. घरचे कोणी आणावयास जावे, अथवा चालकासह मोटार ठरवावी. पहिले दोन दिवस त्यांच्या हाती वाहन देऊ नये. नंतरही काही दिवस कोणी शेजारी बसून “डावीकडे” असे म्हणत राहावे. मूल कितीही शिकलेले असो, हा शब्द उच्चारण्यास वडीलधाऱ्यांनी संकोचू नये. तसेच परदेशी असलेल्या मुलाच्या कामावर जाण्या-येण्याच्या वेळा माहीत करून घ्याव्यात आणि तो मोटारीत असताना फोन करू नये. आपले प्रेम अर्ध्या तासाने कळविले तरी शिळे होत नाही.

माझा मुलगा आता दर वेळी आला की, प्रथम त्या दूधवाल्या भावाच्या घरी जाऊन येतो. मोटारीस मात्र दोन दिवस हात लावीत नाही. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसतो. गाडीवाटेच्या तोंडाशी तो मोटार थांबवितो, मी “डावीकडे” म्हणतो, तोही “डावीकडे” म्हणतो, आणि मग आम्ही रस्त्यावर येतो.

 जाणाऱ्या चौघांना माझे आशीर्वाद. इतके बोलून मी आपली रजा घेतो.